टिलर पायलट कोणता घ्यावा आणि कसा बसवावा? (२५ फुटी शिडाची बोट, नेरूळ)

नेरूळ_खाडी

नमस्कार मंडळी. बोट फायबरची आहे, २५ फूट, बांधणीच्या कागदांत वजन १८५० किलो. सुकाणू मागच्या फळीवर बाहेरून टांगलेलं, हातात टिलर (सुकाणू फिरवायचा दांडा). फळीच्या उजव्या अंगाला ६ एचपीचं आउटबोर्ड. आत ६० एएचची एकच लेड-ॲसिड बॅटरी, तीच इंजिन स्टार्टला आणि तीच दिव्यांना. वापर ऑक्टोबर ते मे: मांडवा, कारंजा, क्वचित त्याच्या पुढे. बोटीवर बहुतेक वेळा दोनच माणसं, त्यामुळे शीड चढवताना, रीफ घेताना (वारा वाढला की शीड लहान करताना) टिलर धरायला कोणीतरी हवं. म्हणून टिलर पायलट, म्हणजे रॉड आत-बाहेर करून टिलर आपोआप सांभाळणारं यंत्र.

विचारायचं ते असं. रेमरीनचा एसटी १००० प्लस घ्यावा, २००० प्लस घ्यावा की सिमरॅडचा टीपी? बसवायची नेमकी मापं काय? कॉकपिटचं बाक सँडविच बांधणीचं आहे, आत प्लायवुड. ही बॅटरी पुरेल का? आणि एक शंका: उसन्या पायलटवर बोट नागमोडी चालते, शिवाय गेटवेसमोरून उरणकडे आडवं जाताना ओहोटीत वाट सोडून खाली वाहत जाते. दोष यंत्राचा समजायचा की सेटिंगचा?

शीडकरी

पायलट लांबीवरून निवडू नका, भरलेल्या वजनावरून निवडा. कागदावरच्या वजनात इंजिन, पेट्रोल, पाणी, नांगर, साखळी, माणसं यातलं काही धरलेलं नसतं. १८५० वर २० टक्के चढवा, म्हणजे २२२० किलो. रेमरीनचा एसटी १००० प्लस ३००० किलोपर्यंत दिलेला आहे आणि २००० प्लस ४५०० किलोपर्यंत. कागदोपत्री १००० बसतो.

तरीही मी २००० घ्या म्हणेन, आणि त्याचं कारण जोर नाही, वेग आहे. जोर १००० चा ५७ किलो, २००० चा ७७ किलो. तुमच्या सुकाणूला ५७ पुरेसा आहे. पण भार नसताना एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायला १००० ला ६.९ सेकंद लागतात आणि २००० ला ४.१. मागून तिरकी लाट आली की बोटीचं बूड उचललं जातं आणि नाक वाऱ्याकडे फिरायला लागतं. ते फिरणं दोन-तीन सेकंदांत उरकतं. हळू रॉड तिथे उशिरा पोचतो, बोट वळून गेल्यावर सुकाणू देतो, मग उलट बाजूला जास्त देतो. प्रोंग्स रीफच्या (कुलाब्याच्या टोकाजवळचे खडक) बाहेर मोकळ्या लाटेत गेलात की हा फरक जाणवेल, आत बंदरात फारसा नाही.

सिमरॅडचा टीपी १० साधा आणि आटोपशीर आहे, पण त्याला प्लॉटरची (जीपीएस नकाशाचा पडदा) किंवा वाऱ्याच्या यंत्राची जोडणी नाही. ती हवी असेल तर टीपी २२ पासून पुढे बघा. रेमरीनचाच ईव्ही-१०० टिलर ६००० किलोपर्यंत जातो. त्यात सेन्सर वेगळा, आत कोरड्यात बसवता येतो, आणि तो समुद्रात खरोखर सरस चालतो. पण डबे, तारा आणि खर्च बघता मांडव्यापर्यंतच्या फेऱ्यांना तो जड होतो. रास्पबेरी पायवर चालणारा पायपायलट हा मुक्त स्रोत प्रकार आहे. सोल्डरिंगची आवड आणि वेळ असेल तरच त्या वाटेला जा.

खरेदीच्या आधी एक गोष्ट नक्की करा. आठ-दहा नॉट वाऱ्यात, वाऱ्याला जवळ धरून चालताना टिलर दोन बोटांनी धरून बघा. टिलर मध्यापासून चार-पाच अंशांत राहत असेल आणि बोटांवर ओढ हलकी असेल तर बोट तोलात आहे. हाताला ताण देऊन ओढून धरावा लागत असेल तर कुठलाही पायलट त्या बोटीवर रडणार. ट्रॅव्हलर (मेनचा दोर आडवा सरकवणारी पट्टी) खाली सोडा, मेन (मुख्य शीड) सपाट करा, वाटतंय त्याच्या आधी रीफ घ्या. तोलात असलेल्या बोटीवर पायलटचा ‘गुंईऽ’ आवाज एकदा येतो आणि मग काही सेकंद शांतता असते. आवाज अखंड चालू असेल तर चूक शिडांत आहे, ती शोधा. गेन (पायलट किती सुकाणू देतो त्याची सेटिंग) नंतर फिरवा.

खारेवारे

शीडकरी, वेगाचं म्हणणं बरोबर, पण यांचा वापर बघा. मांडव्याहून घरी येताना दिशा साधारण ईशान्येची आणि दुपारचा वारा वायव्येचा, म्हणजे वारा जवळजवळ आडवा. मागून वारा आणि मागून लाट असा प्रवास थोडाच. बंदराच्या आतच फिरायचं असेल तर १००० प्लस घ्यावा आणि उरलेले पैसे सोलर पॅनेल, जाड टिन-कोटेड तार आणि चांगल्या कव्हरला घालावेत. उत्तम पायलट आणि खराब वायरिंग ही जोडी साध्या पायलटपेक्षा वाईट चालते. रेवदंडा किंवा मुरूडकडे जायचा विचार असेल तर मात्र २०००.

सुतारपक्षी

बसवण्याबद्दल सविस्तर लिहितो, कारण निम्म्या तक्रारी इथूनच निघतात.

दोन मापं पाठ करा: ४६० मिमी आणि ५८९ मिमी. सुकाणूच्या फिरण्याच्या अक्षापासून टिलरवरच्या खुंटीपर्यंत (रॉडचं टोक जिच्यावर बसतं ती) ४६०. बोटीच्या मध्यरेषेपासून बाजूच्या सॉकेटपर्यंत (पायलटचं दुसरं टोक ज्यात बसतं ते) ५८९. ही एसटी मालिकेची मापं. दुसरं मॉडेल घेतलंत तर त्याच्या पुस्तिकेतली घ्या. तुमचं सुकाणू बाहेर टांगलेलं आहे, म्हणून ४६० मोजायचे ते बिजागऱ्यांच्या खिळांच्या रेषेपासून. मागच्या फळीपासून मोजलेत तर खुंटी बिजागरीच्या अंतराएवढी पुढे जाते आणि सुकाणूचा कोन कमी पडतो.

या मापामागचा हिशेब समजून घेतला तर जागा बदलायची वेळ आली तरी गोंधळ होत नाही. रॉडची एकूण धाव २३६ मिमी, म्हणजे मध्यापासून दोन्ही बाजूंना ११८. खुंटी ४६० वर असेल तर सुकाणू दोन्हीकडे सुमारे १४ अंश फिरतं. खुंटी ३०० वर आणली तर कोन २१ अंश होतो, पण तेवढंच सुकाणू फिरवायला जोर दीडपट लागतो. ६०० वर नेली तर जोर कमी लागतो आणि कोन ११ अंशांवर येतो, मग बोट आळसावते. दिलेलं माप हा दोन्हींचा मध्य आहे. आणि १४ अंश म्हणजे धक्क्याला लावताना किंवा गर्दीत वळताना पायलटचा उपयोग नाही, हे त्यातच आलं.

टिलर बरोबर मध्यावर बांधा, रॉडची धाव निम्मी बाहेर काढा आणि तसा पायलट ठेवून बघा. वरून पाहताना रॉड टिलरला काटकोनात आणि बाजूने पाहताना आडवा, पाणसळीत असला पाहिजे. पाणसळ खरंच लावा. बोट धक्क्यावर सरळ उभी असताना बुडबुडा मध्यात यायला हवा. रॉड तिरका बसला की जोराचा काही भाग खुंटीला वर उचलण्यात जातो आणि लाटेत रॉड खुंटीवरून सुटतो.

आता भोकं. बाकातल्या सॉकेटसाठी १२.५ मिमी व्यासाचं, २५ मिमी खोल. टिलरच्या खुंटीसाठी ६ मिमी व्यासाचं, तेवढंच खोल. पण सँडविच बाकात हे भोक थेट पाडू नका. प्लायवुडमध्ये पाणी शिरलं की दोन पावसाळ्यांत आतून भुसा होतो आणि सॉकेट डुलायला लागतं. आधी वरच्या थराला २५ मिमी व्यासाचं भोक घ्या, आतलं प्लायवुड त्याच व्यासात खरवडून काढा, खालचा फायबरचा थर तसाच ठेवा. त्या खड्ड्यात इपॉक्सीत सिलिका किंवा कापसाचा तंतू मिसळून पीनट बटरएवढा घट्ट लगदा भरा. आपल्याकडच्या उकाड्यात इपॉक्सी हातातच तापून घट्ट होते, म्हणून स्लो हार्डनर वापरा, मिश्रण थोडं-थोडं करा आणि काम सकाळी लवकर उरका. २४ तास जाऊ द्या. मग त्या भरावात मधोमध १२.५ चं भोक पाडून सॉकेट इपॉक्सीत बसवा. खालून हात पोचत असेल तर १२ मिमी मरीन प्लायचा तुकडा इपॉक्सीने चिकटवा. बाक खालून पोकळ असतं आणि पायलट दिवसभर तिथे ढकल-ओढ करत असतो.

लाकडी टिलरमध्ये खुंटीचं भोक मधोमध, रेषेच्या दिशेला ओळंबा धरून. टिलरला आधीच भेग असेल तर आधी ती इपॉक्सीने भरा आणि मगच ड्रिल लावा.

नेरूळ_खाडी

फार उपयोगी माहिती, आभार. मोजून पाहिलं. टिलर बाकापेक्षा १५ सेंमी वर आहे, म्हणजे रॉड आडवा राहत नाही. आणि उजव्या बाजूला इंजिन असल्यामुळे पायलट डावीकडे बसवावा असं वाटतंय. चालेल ना?

सुतारपक्षी

डावीकडेच बसवा, साहेब. फ्लक्सगेट कंपास (इलेक्ट्रॉनिक होकायंत्र) पायलटच्या पोटातच असतो आणि आउटबोर्डच्या फ्लायव्हीलमध्ये कायमचे चुंबक असतात. दोघांत जितकं अंतर पडेल तितकं बरं.

उंचीसाठी दोन मार्ग. सॉकेटखाली उंच पाय येतो तो लावायचा, म्हणजे पायलट टिलरच्या पातळीला येतो. नाहीतर टिलरला खालून ब्रॅकेट लावून खुंटी खाली आणायची. १५ सेंमीला ब्रॅकेट बरा, कारण उंच पाय आडव्या जोराने डुलतो आणि त्याची मुळं बाकातून उपटतात. बाक मध्यरेषेपासून ५८९ पर्यंत पोचत नसेल किंवा पलीकडे कोमिंग (कॉकपिटची उंच कड) येत असेल तर रॉड लांबवायचे तुकडे मिळतात, साधारण २५ पासून १५० मिमीपर्यंत. जोड जितके कमी तितकं चांगलं.

डावीकडे बसवलात की दिशा उलटवावी लागते, कारण यंत्र मुळात उजव्या बाजूसाठी लावलेलं येतं. हे धक्क्यावर तपासा. पायलट ऑटोवर टाका आणि +१० दाबा. बोट उजवीकडे वळायची तर टिलर डावीकडे गेला पाहिजे. तुमच्या बाबतीत याचा अर्थ रॉड आत ओढला गेला पाहिजे. बाहेर ढकलत असेल तर कॅलिब्रेशनमध्ये जाऊन दिशा बदला. ही तपासणी न करता पाण्यात ऑटो दाबलं तर बोट एक अंश चुकली की पायलट ती दहा अंश चुकवतो आणि गोल फिरवत नेतो.

वाशी_१२व्होल्ट

बॅटरी आणि तारांचं मी सांगते.

पायलट स्टँडबायला (चालू, पण टिलर न सांभाळता) नगण्य करंट घेतो. ऑटोवर सरासरी अर्धा ते दीड ॲम्पियर, शिडं किती तोलात आहेत त्यावर. सहा तासांच्या फेरीला ३ ते ९ एएच धरा. तुमच्या ६० एएच लेड-ॲसिडमधून निम्मे म्हणजे ३०च वापरायचे, बॅटरी दोन-तीन वर्षांची असेल तर २०. त्यात प्लॉटर, व्हीएचएफ रेडिओ आणि परतताना दिवे. पुरेल, पण इंजिन स्टार्टही त्याच बॅटरीवर आहे हे मला पटत नाही. स्टार्टर फिरतो त्या क्षणी व्होल्टेज कोसळतं, पायलट रीसेट होतो आणि स्टँडबायला जाऊन बसतो. त्या वेळी तुमचं लक्ष इंजिनाकडे असतं आणि टिलर कोणाच्याच हातात नसतो. शक्य असेल तर स्टार्टला वेगळी छोटी बॅटरी द्या. नसेल तर इंजिन सुरू केल्यावर आधी पायलटच्या पडद्याकडे बघायची सवय दोघांनीही लावून घ्या.

५० वॉटचं पॅनेल लावलंत तर हिवाळ्याच्या स्वच्छ उन्हात दिवसाला साधारण १० ते १२ एएच परत येतात. शिडाची आणि बूमची (शिडाच्या खालच्या आडव्या दांड्याची) सावली पडणार हे धरूनच हा आकडा आहे. मध्ये चार्ज कंट्रोलर हवाच.

तार. मोटर अडली की क्षणभर ५ ॲम्पियरच्या आसपास खेचते असं धरून हिशेब करते. बॅटरीपासून कॉकपिटपर्यंत ४ मीटर, म्हणजे जाऊन-येऊन ८ मीटर. १.५ चौमिमी तारेत साधारण अर्धा व्होल्ट पडतो, म्हणजे ४ टक्के. २.५ चौमिमीत पाव व्होल्टच्या थोडा वर. २.५ घाला. तार टिन-कोटेड मरीन प्रकारची. घरगुती वायरिंगची उघड्या तांब्याची तार खाडीच्या हवेत आवरणाच्या आतून काळी पडत जाते. बाहेरून नवी दिसते आणि करंट देत नाही. पॅनेलवरून पायलटला स्वतंत्र फ्यूज, पुस्तिकेत दिला आहे तेवढाच. पाण्याच्या पंपाच्या किंवा दिव्यांच्या फ्यूजवरून फांदी काढू नका.

कॉकपिटमधलं डेक सॉकेट उभ्या भिंतीवर लावा, बाकाच्या सपाटीवर नको. तिथे पाणी साचतं. पिनांना सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात. प्लग जोडण्याआधी मल्टिमीटरने प्लस-मायनस तपासा. मग खरी परीक्षा: पायलट चालू ठेवून एकाने टिलर हाताने अडवून धरायचा, दुसऱ्याने प्लगच्या पिनांवर व्होल्टेज वाचायचं. बॅटरीवर १२.५ आणि प्लगवर ११.८ दिसत असतील तर वाटेत कुठेतरी सैल किंवा गंजलेला जोड आहे. पायलट मधूनच बंद पडतो, आपोआप स्टँडबायला जातो, रॉड दम लागल्यासारखा चालतो, या तिन्ही तक्रारींचं मूळ मी आधी इथेच शोधते.

फ्लक्सगेट

नागमोडी चालण्याबद्दल.

सेटिंगला हात लावण्याआधी ढिलाई तपासा. टिलर घट्ट धरा आणि रॉडचं टोक हलवा. मग सुकाणूचं पातं धरून हलवा. बिजागऱ्यांची बुशिंग झिजलेली असतील, टिलरचा बोल्ट सैल असेल किंवा सॉकेट डुलत असेल तर तिथेच थांबा. ४६० वर ५ मिमी ढिलाई म्हणजे अर्ध्या अंशाहून जास्त. तेवढ्यात पायलटला वाटतं सुकाणू दिलं, बोटीला काहीच मिळालेलं नसतं.

मग कंपास. पायलटपासून मीटरभरात काय आहे ते बघा. मोबाइल, ब्लूटूथ स्पीकर, लोखंडी हत्यारं. आणि बाकाखालचा लॉकर हमखास उघडून बघा, कारण पुष्कळ जण नांगराची साखळी नेमकी तिथे ठेवतात. साखळी आज आत आणि उद्या बाहेर असेल तर डेव्हिएशन (जवळच्या लोखंडामुळे कंपासला येणारी चूक) रोज वेगळं येणार. डेव्हिएशन काढायला पाणी थांबलेलं असताना, मोकळ्या जागी जा. अटल सेतू, वाशीचा पूल आणि नांगरलेली लोखंडी जहाजं यांच्यापासून लांब. इंजिनवर २ नॉटपेक्षा कमी वेगात सावकाश गोल फिरायचं, एका फेरीला निदान ३ मिनिटं, किमान दोन फेऱ्या. घाईने फिरलात तर यंत्र ते मोजमाप धरतच नाही. डेव्हिएशन १५ अंशांच्या वर आलं तर पायलटजवळ लोखंड आहे, ते शोधून हलवा. शेवटी पडद्यावरचं हेडिंग हातातल्या कंपासशी जुळवा. आपल्याकडे चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत एक अंशाहूनही कमी फरक आहे, त्यामुळे नकाशाशी ताडून पाहणं सोपं जातं. अक्षांशाची सेटिंग असेल तर १९ उत्तर.

आता गेन. एसटीमध्ये १ ते ९ असतो. सपाट पाण्यात, इंजिनवर, नेहमीच्या वेगात बोट ऑटोवर ठेवा आणि +१० चार वेळा दाबा. ४० अंशांचं वळण झटकन व्हावं आणि पुढे ५ अंशांपेक्षा जास्त वाहवू नये. वाहवत जाऊन परत येत असेल, पुन्हा जात असेल, म्हणजेच नागमोडी, तर गेन एकाने कमी. वळण कंटाळवाणं होऊन दिशेवर येताना रेंगाळत असेल तर एकाने जास्त. प्रत्येक बदलानंतर तीच परीक्षा पुन्हा. सपाट पाण्यात सरळ आणि फक्त मागच्या लाटेत नागमोडी असेल तर गेन सोडा. मेन कमी करा किंवा दिशा थोडी बदलून लाट तिरकी घ्या.

रिस्पॉन्सची पातळी वेगळी गोष्ट आहे. पातळी १ वर यंत्र लाटेची सवय करून घेतं आणि बारीकसारीक हेलकाव्यांना सोडून देतं. पातळी २ वर प्रत्येक चुकीच्या मागे धावतं, करंटही त्या मानाने खातं. नेहमी १. अरुंद चॅनेलमध्ये किंवा शीड चढवताना नाक अगदी वाऱ्यात धरायचं असेल तेव्हा २.

टॅक करायला (नाक वाऱ्यातून पलीकडे फिरवायला) एकाच बाजूची दोन बटणं, १ आणि १०, एकत्र दाबायची. बोट १०० अंश वळते. तुमची बोट ९० मध्ये टॅक करत असेल तर उरलेले अंश नंतर १-१ ने जुळवा. जिबचे शीट (पुढच्या शिडाचे दोर) हातात घेऊनच बटण दाबा, रॉड तुमच्यासाठी थांबत नाही.

वाऱ्याच्या यंत्राची जोडणी नसेल तर पायलट फक्त कंपास धरतो, वारा फिरला तरी त्याला पत्ता नसतो. वारा पूर्ण पाठीमागे ठेवून कधीही ऑटो लावू नका. निदान २०-३० अंश बाजूला राहा आणि बूमला पुढून दोर बांधा, नाहीतर अचानक जाइब होऊन बूम डोक्यावरून जाईल.

कारंजा_किनारा

वाट सोडण्याचं उत्तर देतो, कारण यात यंत्राचा काहीच दोष नाही आणि आपल्या बंदरात हे कळणं फार गरजेचं आहे.

पायलट नाकाची दिशा धरतो. पाणी बोटीला कुठे नेतंय हे त्याला माहीत नसतं. तुम्ही ४ नॉटने आडवे चाललात आणि ओहोटी २ नॉटने आडवी येतेय, तर नाक अचूक धरूनही बोट सुमारे २७ अंश खाली जाते. अर्ध्या तासात एक सागरी मैल. उधाणाच्या दिवसांत हे जास्त, भांगाला कमी. दिशा टिकवायची असेल तर नाक वर (प्रवाहाच्या उलट बाजूला) सुमारे ३० अंश ठेवायला हवं. आधी जमिनीवरचे दोन खुणेचे ठिपके एका रेषेत धरा, ते सरकताना दिसले की १०-१० अंशांनी वर घ्या. ते एका रेषेत राहिले की तुम्ही ओहोटी भरून काढलीत. जीपीएसवरचा जमिनीवरचा कोर्स बघूनही तेच करता येतं.

प्लॉटर जोडून ट्रॅक मोड (आखलेल्या रेषेवर बोट ठेवणं) लावला तर यंत्र हे स्वतः करतं. एनएमईए ०१८३ च्या (बोटीवरच्या यंत्रांच्या माहिती-जोडणीचा जुना प्रकार) दोन तारा, ४८०० बॉड, प्लॉटरमध्ये एपीबी आणि एक्सटीई वाक्यं चालू. प्लॉटर फक्त एनएमईए २००० देत असेल तर मध्ये कन्व्हर्टर. ट्रॅक मोड लावताना वेपॉइंट (प्लॉटरवर ठरवलेला पोचायचा बिंदू) कधीही नेमका बॉयावर ठेवू नका. यंत्र तुम्हाला बॉयावरच नेऊन आदळेल. शे-दोनशे मीटर बाजूला ठेवा.

आणि नजर. समुद्रावर टक्कर टाळण्याच्या आंतरराष्ट्रीय नियमांतल्या नियम ५ प्रमाणे पहारा कायम, पायलट लावला म्हणून सूट नाही. समोरून २० नॉटने येणारी लाँच आणि तुमचे ५ नॉट मिळून एक सागरी मैल अडीच मिनिटांच्या आत संपतो. जेएनपीएच्या चॅनेलमध्ये मोठी जहाजं तुमच्यासाठी वळू शकत नाहीत. अरुंद चॅनेलमध्ये त्यांच्या वाटेत न येणं ही शिडाच्या बोटीची जबाबदारी आहे. चॅनेल ओलांडताना पायलट काढा आणि काटकोनात, हातात टिलर घेऊन ओलांडा. उरण, कारंजा, मांडवा या पट्ट्यात डोल जाळ्यांचे खांब आणि दोर असतात, खुणेला थर्माकोलचा तुकडा किंवा जुना डबा. भरतीचा जोर असला की खूण पाण्याखाली ओढली जाते. तिथेही पायलट नको. सुकाणूत दोर अडकला तर तुमची बोट थांबेलच, पण कोळ्याचं जाळं फाटतं ते वेगळं.

पायलट सोडायचा कसा हे हाताला सवयीचं करून ठेवा. स्टँडबाय दाबायचं आणि रॉडचं टोक खुंटीवरून वर उचलायचं, एका हाताने. रॉड खुंटीवर असताना टिलर ढकलून काही होत नाही, आतला स्क्रू उलटा फिरत नाही. म्हणून रॉडचं टोक खुंटीला दोरीने बांधू नका, कितीही सुटत असलं तरी.

शेवटचं आणि कळकळीचं: पायलट लागला की दुसरा माणूस आत जातो आणि बाहेरचा एकटा राहतो. तो पाण्यात पडला तर पायलट बोट इमानदारीने सरळ पुढे नेत राहतो. ५ नॉटला सेकंदाला अडीच मीटर. अर्ध्या मिनिटात पाऊणशे मीटर. खाडीच्या गढूळ, उसळत्या पाण्यात तेवढ्यावर डोकं दिसत नाही. पायलट ऑटोवर असेल आणि कॉकपिटमध्ये एकच माणूस असेल तर लाइफजॅकेट आणि हार्नेसचा दोर अडकवलेला असलाच पाहिजे. दिवसा, सपाट पाण्यातसुद्धा.

नेरूळ_खाडी

सगळ्यांचे मनापासून आभार. २००० प्लस, डाव्या बाजूला, टिलरखाली ब्रॅकेट, २.५ ची तार आणि स्टार्टला वेगळी बॅटरी असं ठरवतोय. वाऱ्याचा पट्टा थोडा मोकळा असला की रेवदंड्यापर्यंत जायचं मनात आहेच. जून ते सप्टेंबर पायलट बोटीवरच राहू द्यावा का?

सुतारपक्षी

नको, घरी आणा. पावसाळ्याचं सोडाच, रोजच्या वापरातही तो सुटा करून आतच ठेवायचा. पाणी शिरतं ते मुख्यतः रॉड जिथून बाहेर येतो त्या सीलमधून. वापरताना अंगावर ॲक्रिलिक कापडाचं कव्हर घाला, बटणांवर झडप ठेवून. उन्हाने पडदा काळा पडतो, तोही वाचतो. फेरी झाली की गोड्या पाण्यात भिजवलेल्या फडक्याने पुसा. नळीचा फवारा रॉडवर मारू नका, मीठ आत ढकललं जातं. रॉड पुसल्यावरच आत घ्या, खारा ओला रॉड आत घेतला की सील झिजतं.

पावसाळ्याआधी प्लगच्या पिना साफ करून सिलिकॉन ग्रीस लावा, रॉड पूर्ण आत घ्या, आणि घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. पुड्या दर महिन्याला तव्यावर मंद आचेवर गरम करून परत घाला. त्याच दिवशी १२ व्होल्टची बॅटरी जोडून रॉड दोन-तीन वेळा आत-बाहेर करा, म्हणजे सील एका जागी चिकटून बसत नाही. बाकातल्या सॉकेटमध्ये रबरी बूच मारून ठेवा, नाहीतर पावसाचं पाणी चार महिने त्याच भोकात उभं राहील.